बुटावरची वेल

लढाईच्या वर्षांत बिरसीजवळ विमानं उतरायची पट्टी झाली आणि आमच्या यांना तिथं रंगकामावर घेतलं. पिंपांवर आकडे टाकायचे, पाट्या रंगवायच्या. डब्याच्या तळाशी उरलेला रंग ते घरी आणायचे, दाराला होईल म्हणून.

एकदा त्यांनी किरमिचाच्या पांढऱ्या बुटांची जोडी आणली. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईची होती. एका बुटावर टिंक्चर सांडून तपकिरी डाग पडला होता. "यावर पांढरा मारून दे," ते म्हणाले. मी मारला. वाळला तसा डाग पुन्हा वर आला. दुसऱ्यांदा मारला, तरी तेच. मग मी त्या डागाचाच पोपट केला आणि शिवणीवरून एक डहाळी नेऊन तिच्यावर त्याला बसवला. दुसरा बूट ओकाबोका दिसायला लागला, म्हणून त्यावर त्याची मादी काढली.

बूट परत नेताना हे घाबरले होते. संध्याकाळी हसत आले. "नर्सबाई इचारते, किसने बनाया? दिवसभर पाय पुढं करून सगळ्यांले दाखवून राहिली होती."

तिथून सुरुवात झाली. तिच्या ओळखीच्या बायका, गोंदियातल्या रेल्वेच्या बंगल्यांतल्या मडमा, कोणाची पोरगी. हे जोड्या आणायचे, मी दुपारी पडवीत बसून रंगवायची. सिंदीच्या झाडाची काडी कुटून कुंचला करायची. पाऊल जिथं वाकतं तिथं जाड रंग दिला की चार दिवसांत तडकतो, हे पहिल्या दोन जोड्या खराब झाल्यावर कळलं. मग तेवढी जागा मोकळी ठेवून मी वेल दोन्हीकडून वळवायला लागले. ते बूट मी स्वतः कधी पायात घातले नाहीत. पण रंगवताना भूक लागत नसे.

माझा हात खरा तयार झाला होता तो चौकावर. लग्नात मांडवाखाली पिठाचा चौक भरतात आणि त्यावर नवरा-नवरीचे पाट ठेवतात. आईनं मला लहानपणीच शिकवलं. सासरी आल्यावर आसपासच्या चार गावांत लग्न असलं की चौकाला मलाच बोलावणं यायचं. दुसरा कसला मान मला नव्हता.

एका सणाला नर्सबाई आमच्या घरी आली. अंगणात चौक भरलेला होता. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "मेरे जूते पर ये बना दो."

"ये नहीं बनेगा, बाई. ये पूजा का है."

तिनं आग्रह केला नाही. माझ्याच मनातून ते जाईना. शेवटी मीच स्वतःची समजूत घातली की अख्खा चौक थोडाच काढायचा आहे, कोपऱ्यातली वेल तेवढी. वेल ती वेल. काढली. माझ्या हातून झालेली सगळ्यांत चांगली जोडी तीच, हे आजही मला नाकारता येत नाही.

आमच्या चुलतसासूचे डोळे आले होते. त्या औषधाला दवाखान्यात गेल्या आणि जमिनीवर बसल्या. समोर नर्सबाई उभी होती. त्यांच्या नजरेसमोर तो बूट होता.

महिन्याभरानं शेजारच्या गावी त्यांच्या लेकीच्या घरी नातीचं लग्न निघालं. मी पिठाची थाळी घेऊन मांडवात बसले, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू ऊठ."

"काऊन, माय?"

"ज्या हातानं देवाची वेल त्या बाईच्या पायात घातली, त्या हातानं आमच्या पोरीचा चौक भरत नाई."

"चामडं नोहे ते. किरमिच होय."

"पाय तं पायच होय ना."

भोवती वीस-पंचवीस बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या लग्नाचे चौक मी भरलेले. कोणी मान वर केली नाही. हे मांडवाच्या खांबाशी उभे होते. परतताना बैलगाडीत मी त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होते. गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "तुले कोनं सांगतलं होतं तो कोपरा काढाले?"

यानंतर मी रागानं आणखी पाच-सहा जोड्या केल्या. मग लढाई संपली. पट्टीवरचं काम बंद झालं, नर्सबाईची बदली झाली, ती कुठं गेली ते कळलंही नाही. डब्यांतल्या रंगाचे वाळून खडे झाले. गेरूत डिंक घालून यांच्या जुन्या बुटावर लावून पाहिला, तो हे दवाच्या गवतातून चालताच उतरला. आणि आमच्या गावात रंगीत बूट घालणार तरी कोण.

दोन वर्षांनी चुलतसासू गेल्या. जावेच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा जाऊ स्वतः येऊन म्हणाली, "झालं-गेलं सोड. चौकाले ये." मी गेले. चिमटीत पीठ घेतलं. पीठ बोटांतून आपोआप सुटावं लागतं, आणि माझी बोटं कुंचला धरल्यासारखी आवळून बसलेली. रेघ मध्येच तुटायची, कुठं ढीग पडायचा. पुसून पुन्हा केली, पुन्हा तुटली. थोड्या वेळानं जावेच्या धाकट्या बहिणीनं हळूच माझ्या हातातली थाळी घेतली आणि चौक पुरा केला. तिनं चांगला भरला. मी मागच्या दारी जाऊन बायकांबरोबर तांदूळ निवडत बसले. पुढं मला कोणी बोलावलं नाही.