नगरपालिकेचा धूर आणि आप्पांचं बटण

आमची नगरपालिका किती धूर सोडते ते मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या दिवशी मीटिंगला मी वेळेवर पोचले होते. उशिरा आलेल्यांना चहा मिळाला, मला कार्बन मिळाला. मी वीज विभागातली इंजिनिअर. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "मॅडम, गावाचा नाही मोजायचा, फक्त आपला. आपले पंप, आपल्या गाड्या, आपले दिवे, आपला कचरा डेपो. आधी मोजा, मग कमी करून दाखवा." हे चाललं होतं तेव्हा साहेबांची जीप खाली सुरूच होती. उन्हाळ्यात एसी बंद केला की आत बसवत नाही.

मोजायला निघाले तर कोणाच्याच विभागात धूर नव्हता. पाणीपुरवठ्यावाले म्हणाले, आमचे पंप विजेवर चालतात, विजेला कुठे धूर असतो? आरोग्यवाले म्हणाले, आमच्याकडे वास आहे, धूर नाही. कचरा डेपो धुमसताना खिडकीतून दिसत होता, पण तो म्हणे आपोआप पेटतो, म्हणजे तो धूर परस्पर देवाच्या खात्यात. अग्निशमनवाले तर चिडलेच. "आम्ही आग विझवतो आणि तुम्ही आम्हालाच धूर विचारता?" त्यांचा बंब लग्नाच्या मांडवाला पाणी पुरवायलाही जातो, हे मी काढलं नाही. आमच्या घरचं लग्न व्हायचं होतं अजून.

मी मुळात तापट. कोणी उडवून लावलं की मी हट्टाला पेटते. म्हटलं, तुमचं राहू द्या, माझ्याच विभागापासून सुरू करते. रस्त्यावरचे दिवे माझे. आमच्या गावात जुन्या गल्ल्यांमधे खांबावर एक पेटी असते, तिच्यात बटण. गल्लीतलंच कोणीतरी संध्याकाळी ते दाबतं, सकाळी बंद करतं. निदान तसं करावं अशी नगरपालिकेची समजूत होती. भर दिवसा कुठे कुठे दिवे चालू राहतात ते पाहून या म्हणून वायरमन पाठवले. पुढच्या मीटिंगला साहेबांनी सगळ्यात वाईट गल्लीचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "हा पत्ता कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो."

सगळ्यांनी चहात तोंड घातलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्या गल्लीत दिव्याखाली कडक ऊन होतं. आणि ते बटण होतं माझ्या सासऱ्यांच्या हातात.

सासऱ्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते. सासूबाई गेल्या तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठेनात. चहा द्यावा तर चहा निवायचा, शेजारचे भेटायला यावेत तर हे डोळे मिटून पडायचे. त्याच सुमाराला गल्लीचा दिवा लावणारे म्हातारे मुलाकडे सुरतला राहायला गेले आणि गल्ली अंधारात बसली. मग चार बाया आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "आप्पा, दिवा कोन लावी आते?" आप्पा उठले. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, खांबापाशी गेले आणि बटण दाबलं. दिवे लागले तशा ओट्यावरच्या सगळ्यांनी हात जोडले, दिवेलागणीला जोडतात तसे. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच ते मला विचारू लागले, सदरा वाळला का? त्या बटणानं माझा सासरा मला परत दिला, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्या मीटिंगहून घरी येताना मी लांबचा रस्ता धरला.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्हीं सकायले लाइट बंद करतस का नही?"

"नही."

"कसाले?"

"ज्या हातानी दिवा लावा, त्याच हातानी विझाडू नही. तुन्ही सासूनी शिकाडं नही का तुले?"

"मंग बंद कोन करी?"

"ज्याले दिसी तो करी."

"सकायले ऊन पडेल ऱ्हास, आप्पा! कोनले दिसी?"

आता सगळा उलगडा झाला. बंद करण्याचं काम त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्यावर सोडलं होतं. दूधवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, शाळेच्या पोरांचे हात पोचत नव्हते, आणि बायकांनीही हाच नियम आपापल्या सासवांकडून ऐकलेला. गल्लीतल्या सगळ्या सज्जन माणसांनी मिळून तो दिवा दिवसभर जिवंत ठेवला होता. मी आप्पांना समजावलं की ही वीज तिकडे भुसावळकडे कोळसा जाळून होते, आपला दिवा दिवसा जळला की तिकडे धूर वाढतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग तठे जाईसन सांग ना. मन्हा बटणले काय सांगस?"

साहेबांनी सगळ्या गल्ल्यांना टायमर मंजूर केले. संध्याकाळी आपोआप लागणार, सकाळी आपोआप बंद. आमची गल्ली वगळावी असं मनात आलं होतं, पण सगळ्यात वाईट गल्लीच वगळली तर मी कुठल्या तोंडानं बाकीच्यांकडे धूर मागणार होते? टायमर बसला. त्या संध्याकाळी आप्पा सदऱ्याची गुंडी लावत होते तेवढ्यात बाहेर उजेड पडला. ते दारात आले. ओट्यावरच्या बाया लसूण सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. कोणी हात जोडले नाहीत, कारण दिवा कधी लागला हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आप्पांनी आत येऊन सदरा काढला आणि खुंटीला टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याविरुद्ध आघाडी उघडली. मी पंख्याखाली पोळी खायला बसले की पंखा बंद. "कोयसा जयस," कोळसा जळतो, असं म्हणून पुढे. मिक्सर काढला की दारात उभे: "पाटा शे ना घरमा?" संध्याकाळी घरातले दिवे लावू देईनात. फ्रिजचं बटण त्यांनी कधी बंद केलं कळलंच नाही. दूध नासलं, आदल्या दिवशीची भाजी गेली, आणि नवऱ्यानं माझ्याकडेच डोळे वटारले. मी भांडले, अगदी मनापासून. "आप्पा, हाऊ काय तमाशा शे?"

"मी कमी करी ऱ्हायनू," ते म्हणाले. "तुन्हा साहेबले सांग, या घरना धूर कमी व्हयना."

जोवर हे चालत होतं तोवर मला हसूही येत होतं. मग एक दिवस मी मुद्दाम पंखा लावून बसले आणि आप्पा उठलेच नाहीत. आत जाऊन पाहिलं तर भिंतीकडे तोंड. चहा निवलेला. मला इतकी भीती वाटली की मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. ते तसेच पडून राहिले.

रविवारी मी माहेरी गेले, कोरीटला. भाऊ शेतात केळीला पाणी देत होता. म्हणजे प्रयत्न करत होता. लाइट जायची, मोटार बंद पडायची; लाइट यायची, मोटार गप्पच. मग भाऊ शिव्या देत बांधावरून विहिरीकडे पळायचा. "हाऊ स्टार्टर बी असा शे ना, लाइट उनी तरी जोवर मी हिरवं बटण दाबत नही तोवर हालत नही! मानूसच लागस त्याले!"

मी हातातला चहा बांधावर ठेवला. भावाला वाटलं, मला भोवळ आली. इतकी वर्षं इंजिनिअर म्हणवून घेतलं आणि ही गोष्ट डोक्यात आली नव्हती. खांबावर टायमर आहेच. त्याच्यापुढे स्टार्टर बसवायचा. सकाळी टायमर वीज तोडेल, स्टार्टर पडेल, दिवे बंद. संध्याकाळी टायमर वीज देईल, पण कोणी बटण दाबल्याशिवाय दिवे लागणार नाहीत. लावायला माणूस, विझवायला नगरपालिका.

साहेबांना हे पटेना. "मॅडम, सगळं जग ऑटोमॅटिक होतंय आणि तुम्ही बटण काय लावताय?"

"सर, बचत तेवढीच राहते. दिवसा दिवा जळणार नाही."

"मग संध्याकाळी माणूस कशाला हवा?"

मी तांत्रिक कारणं शोधली, एकही सापडलं नाही. म्हटलं, "माझे सासरे जेवत नाहीत, सर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "माझी आई टीव्हीचा रिमोट उशाखाली ठेवते. लावा स्टार्टर."

स्टार्टर लागला त्या संध्याकाळी आप्पा यायला तयार नव्हते. मी सदरा हातात धरून पलंगाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बाहेर बाया अंधारात थांबल्या होत्या, एकीनंही खांबाकडे हात नेला नव्हता. "आप्पा, विझाडानं काम आते तुमनं नही, कोनंच नही. यंत्र करी. तुम्हीं फक्त लावा."

ते माझ्याकडे वळले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं तोंड मला समोरून दिसलं.

"ते यंत्र कोनी लावं?"

"मी लावं."

"मंग हात तुन्हाच व्हयना ना," ते म्हणाले. "रोज सकायले दिवा विझाडानं पाप तुन्हावर जाई. म्हनीसन मी येत नही."

मी इतके दिवस समजत होते की ते माझ्यावर रुसले आहेत. मी म्हटलं, "लागू द्या पाप. मन्ही नोकरीच ती शे."

आप्पा उठून बसले आणि सदऱ्यासाठी हात पुढे केला. टोपी घातली. खांबापाशी जाऊन उभे राहिले, पण बटणाला हात लावला नाही. आधी हात जोडले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवा, मन्ही सून सकायले दिवा विझाडस. सरकारी नोकरी शे तिनी, काय करी ती. तिले पाप लागू देऊ नको. लागनंच ते मले लागू दे." मग हिरवं बटण दाबलं. दिवे लागले, ओट्यावरच्या सगळ्या बायांनी हात जोडले. माझे हात तोंडावर होते.

आता रोज दिवेलागणीला आधी माझी माफी होते, मग उजेड पडतो. मी ऑफिसातून येत असते, कधी कधी साहेबांच्या जीपमधून, आणि वळणावरच माझं नाव घेऊन देवाला चाललेली विनवणी कानावर येते. एकदा मी म्हटलं, "आप्पा, जरा हळू म्हना, लोके हासतस."

"हासू दे," आप्पा म्हणाले. "देव बी म्हतारा व्हई गया मन्हासारखा. हळू बोलं ते त्याले ऐकू येत नही."