छापण्याआधी ऐकवायचं

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळच्या बसची वाट पाहत होते. दवाखान्यात त्यांनाच भेटायला निघाले होते, नऊ वर्षं मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट सांगायला... ती सांगायची राहिली.

भाऊ आमच्या साप्ताहिकाचे संपादक. चार पानांचा अंक, पण त्यात ना राजकारण ना बाजारभाव. दंडार या गावोगावच्या लोकनाट्यातली नाच-सोंगं, भजनी मंडळं, बंजारा तांड्यावरची होळीची गाणी, असलंच सगळं. आणि भाऊंचा एक हट्ट होता, ज्याच्यावर लिहिलं त्याला छापण्याआधी मजकूर वाचून दाखवायचा. ऑफिसात त्यासाठी एक लाकडी स्टूल होतं. त्यावर कलावंत बसे, समोर आम्ही वाचत असू. आपलं मत बदलायचं नाही, पण खोटं छापायचं नाही. मला तो नसता उपद्व्याप वाटायचा.

एकदा आर्णीकडच्या एका गावची दंडार पाहून मी लिहिलं, की बाईचं सोंग घेणारे किसनमामा पिऊन नाचले, त्यांचे पाय लटपटत होते.

"तू वाचून दाखोलं ना त्यायले?" भाऊंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. मी गेलेच नव्हते.

अंक निघाला आणि तिसऱ्या दिवशी दंडारीची अख्खी मंडळी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. मामांनी धोतर वर सरकवलं. पोटरीवर विळ्याची जखम होती, टाके अजून काढलेले नव्हते. "जल्मात थेंब नाही घेतला बापा म्या," एवढंच ते म्हणाले. भाऊंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"म्याच नाही वाचून दाखोलं, मामा. चूक माही हाय," ते म्हणाले. पुढच्या अंकात त्यांनी स्वतःच्या नावानं माफी छापली. मामा मात्र पुन्हा नाचले नाहीत.

भाऊंनी मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. दर आठवड्याला माझा मजकूर हातात घेताना ते क्षणभर थांबायचे, आणि मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करायचे.

शेवटच्या भेटीत म्हणाले, "माह्यावर लिहिशील तं पह्यले मले वाचून दाखोजो." मी हसण्यावारी नेलं. भित्रीच मी.

काल ऑफिस उघडलं आणि हा लेख त्या स्टुलासमोर मोठ्यानं वाचला. 'मी गेलेच नव्हते' हे वाक्य दोनदा वाचलं. उद्या पहिल्या बसनं किसनमामांकडे जाते आहे. ते नको म्हणाले तर हा लेख छापायला द्यायचा नाही. तुम्ही तो वाचत असाल, तर त्यांनी ऐकून घेतलाय.