धुऊन पाठवलेल्या बरण्या

माझं काम वाऱ्याशी संबंधित आहे असं सांगितलं की लोकांना पवनचक्की आठवते. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी तर मला त्यांच्या स्वयंपाकघरातला बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन दाखवला होता. खरं काम ऐकायला फारच रुक्ष आहे. उन्हाळ्यात मोकळ्या पडलेल्या शेतातली माती वाऱ्याने किती उडेल, याचा अंदाज कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचा. वारा किती, ओल किती, ढेकळं केवढी, मागच्या पिकाची धसकटं किती उरलीत, बांधावर झाडं आहेत का, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या गणिताला, म्हणजे मॉडेलला, सांगायचं, मग ते एक आकडा देतं. तो खरा की खोटा हे शेतात गेल्याशिवाय कळत नाही.

माझा नवरा ह्या सगळ्याला ‘धुळीचं ज्योतिष’ म्हणतो. त्याच्याशी मी भांडत नाही, कारण मॉडेल पहिल्यांदा चाललं तेव्हा मलाही थोडं तसंच वाटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ह्या ज्योतिषाची परीक्षा आमच्याच घरात झाली. माझे थोरले दीर शिरूरकडच्या आमच्या गावी शेती करतात. तिथल्या मोठ्या रानाच्या पश्चिमेच्या बांधावर सुरूच्या झाडांची रांग आहे, सासऱ्यांनी लावलेली. निम्म्या बांधावरची झाडं मागेच वाळून गेली, निम्म्यावरची उभी आहेत. त्या झाडांच्या सावलीत ज्वारी खुरटते म्हणून दिरांनी ती तोडायचं ठरवलं होतं. लाकूडवाल्याशी बोलणंही झालं होतं.

हे मला एका साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत कळलं. मी त्या रानाची माहिती आधीच मॉडेलला घालून बघितली होती, घरचं शेत म्हणून, हौसेने. झाडं गेली तर वरची चांगली माती दर उन्हाळ्यात उडून जाईल असं ते सांगत होतं. मी तसं म्हटलं. दिरांनी शांतपणे जिलेबी संपवली.

“तुमच्या कॉम्प्युटरनं आमचं रान कधी बघितलंय का?” ते म्हणाले.

मला राग लवकर येतो, आणि आला की मी पैजा लावते. “भाऊजी, एक उन्हाळा थांबा,” मी म्हटलं. “मोजून दाखवते. खोटं निघालं तर कुऱ्हाड मीच आणून देईन.”

“बरं,” ते म्हणाले. “मिरगापर्यंत थांबतो.”

मग मी एका रविवारी जाऊन रानात चार खांब रोवले. दोन झाडांच्या आडोशाला, दोन उघड्या बाजूला. प्रत्येक खांबावर वाऱ्याकडे तोंड करून पत्र्याचं नरसाळं आणि त्याखाली फिरकीची प्लास्टिकची बरणी. उडणारी माती नरसाळ्यातून बरणीत साठणार. बरण्यांवर मी मार्करने एक ते चार आकडे घातले आणि दिरांना बजावलं, मे संपला की बरण्या सोडवा, झाकणं लावा आणि पुण्याला पाठवा. एवढं सोपं काम होतं. दिरांनी ते आणखी सोपं करून जाऊबाईंना सांगितलं: “त्या बरण्या पुण्याला पोचव.”

जाऊबाईंना डोळे तपासायला पुण्याला यायचंच होतं. मिरग दोन-तीन दिवसांवर आला होता आणि सोमवारी लाकूडवाला करवत घेऊन रानात येणार होता. शनिवारी सकाळी नवरा त्यांना एसटी स्टँडवरून घेऊन आला. चहा व्हायच्या आतच मी पिशवीकडे बघायला लागले. त्यांनी एकेक बरणी काढून ओट्यावर मांडली.

चारही बरण्या लख्ख घासलेल्या होत्या. माझे आकडेसुद्धा घासून गेले होते. पहिलीत भाजलेले शेंगदाणे, दुसरीत मटकी, तिसरीत सांडगे आणि चौथीत कारळ्याची चटणी.

“अगं, दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं धाडायचं?” जाऊबाई म्हणाल्या. “आन् मातीनं किती भरल्या व्हत्या! चांगल्या राखेनं घासल्यात.”

जाऊबाई माझ्याहून थोरल्या, त्यात सांडगे स्वतः घातलेले, तेव्हा तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. मॉडेलवरचं दोन वर्षांचं काम, साखरपुड्यातली पैज आणि सोमवारची करवत, सगळं त्या चटणीच्या वासात माझ्या डोळ्यांपुढे आलं. मोजायला काही उरलंच नाही तर दिरांनी झाडं का ठेवावीत?

“तुझ्या मॉडेलमध्ये सांडग्यांसाठी जागा आहे का?” नवऱ्याने विचारलं.

त्या क्षणी तो हाताला लागला असता तर बरं झालं नसतं. मी स्वतःला आवरून म्हटलं, “ताई, आतली माती कुठं टाकलीत?”

“टाकली?” त्यांना ते फारसं आवडलं नाही. “रानातली माती कुणी टाकून देतं व्हय? हाय की.”

त्यांनी पिशवीच्या तळाशी हात घातला आणि तीन पुरचुंड्या काढल्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या, जाऊबाई बियाणं बांधून ठेवतात तशा. दोन लाल फडक्यातल्या, नारळाएवढ्या. एक हिरव्या फडक्यातली, सुपारीपेक्षाही लहान.

“तांबडी उघड्या अंगाची, दोन बरण्यांच्या दोन,” त्या म्हणाल्या. “हिरवी झाडांकडची. तिकडच्या दोन्हींत व्हती काय, चिमूट-चिमूट. म्हणून एकातच बांधली. चालंल न्हवं?”

माझा जीव भांड्यात पडला. मी ओट्याला टेकून हसायला लागले आणि हसता हसता मला रडू आलं, ते लपवायलाही जमलं नाही. बियाणाची सरमिसळ ज्या बाईने आयुष्यात कधी होऊ दिली नाही, तिने धुळीचीही होऊ दिली नव्हती. मी जन्मभर आकड्यांत राहिलेली, पण नमुना इतका नीट जपलेला मी आमच्या ऑफिसातसुद्धा क्वचितच बघितला असेल.

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “एवढी माती गेली,” त्या म्हणाल्या, “आन् तू हसतीस?”

हे मात्र लागलं. खरंच होतं ते. आमच्याच रानातली माती उडाली होती आणि मला आनंद झाला होता, कारण माझं खरं ठरत होतं. मी केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला. तिन्ही पुरचुंड्या वर्तमानपत्रावर सोडून माती तोलली, मग लॅपटॉप उघडून मॉडेलचं म्हणणं शेजारी ठेवलं. मॉडेलने सांगितलं होतं त्याहून माती कमी उडाली होती, तेवढं ज्योतिष चुकलं. पण उघड्या बाजूला ढीगभर आणि आडोशाला नावापुरती, ते त्याने अगदी बरोबर सांगितलं होतं.

“हे मला आधीच ठाऊक व्हतं,” जाऊबाई म्हणाल्या. “रानातल्या वस्तीवर झाडांकडचा गोठा सकाळी एकदा झाडला की झाला. उघड्या अंगाचं अंगण दिवसातनं तीनदा झाडते मी.”

“मग भाऊजींना सांगितलं का नाहीत?”

“मला कुणी इचारलं?”

मी दिरांना फोन लावला आणि आकडे सांगायला सुरुवात केली, तोच जाऊबाईंनी फोन घेतला. “अवो, ते ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “उघड्या अंगाच्या बरण्या गळ्यापातूर भरल्या व्हत्या, म्याच रिकाम्या केल्या. झाडं तोडू नगा.” मग दीर म्हणाले, “बरं.” माझ्या सगळ्या आकड्यांना त्यांनी इतकं सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं. लाकूडवाल्याला त्यांनी त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं.

त्या शनिवारी दुपारी मी किती दिवसांनी निर्धास्त झोपले. उठले तेव्हा जाऊबाई वर्तमानपत्रावरची माती परत ज्या-त्या फडक्यात बांधत होत्या.

“तुझं तोलून झालं न्हवं?” त्यांनी विचारलं. “मग नेते.”

नमुने ऑफिसात जपून ठेवायचा नियम आहे. मी प्रत्येक पुरचुंडीतली चिमूटभर माती काढून घेतली आणि बाकी त्यांना दिली. बरण्यांतला खाऊ डब्यांत काढला, बरण्या धुतल्या आणि रव्याचे लाडू भरून त्यांच्या पिशवीत घातल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या लागणारच आहेत. मंगळवारी डोळ्यांचं काम उरकून त्या गावी गेल्या.

आठवड्याने फोन आला, डोळ्यांत थेंब वेळेवर घालते हे सांगायला. मी सहज विचारलं, “ताई, ती माती टाकलीत का परत उघड्या बाजूला?”

“तिकडं कशाला?” त्या म्हणाल्या. “परत उडून जाईल की. झाडांच्या आडुशाला टाकली. तिथं ऱ्हाईल.”