अण्णांच्या गाडीत मी ओतलेलं तेल

मला कुणी शिकवलेलं चालत नाही आणि दुसऱ्याला शिकवल्याशिवाय राहवत नाही. बायको म्हणते, तुम्ही दोन व्हिडिओ बघितले की त्या विषयाचे मास्तर. खोटं कशाला बोलू, तसंच आहे. ह्याच खोडीपायी मी माझ्या वडिलांना गाडी सोडायला लावली, आणि गाडीबरोबर आणखीही बरंच काही. तेच सांगायला बसलोय.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते वाळूजला कंपनीत कामाला होते तेव्हा त्यांनी एक शंभर सीसीची मोटरसायकल घेतली. मी तेव्हा शाळेत होतो, आज माझे केस पिकलेत, पण गाडी तीच. टाकीचा रंग दोन्ही बाजूंनी त्यांच्या गुडघ्यांनी घासून गेलेला. रिटायर झाल्यावर त्यांचं एकच काम उरलं होतं. दर बुधवारी सकाळी गाडी काढायची आणि देवगाव रंगारीला अक्काकडं जायचं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्यांना मेंढरांमागं हिंडत कडेवर वाढवलं. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळं फोनचा उपयोग नव्हता. समोर बसून, हातवारे करूनच दोघांचं बोलणं व्हायचं.

गाडीच्या तेलाचा अण्णांचा नेम होता. पाडव्याला एकदा आणि खंडेनवमीला एकदा. खंडेनवमीला आमच्या घरी पाने-पक्कड, आजोबांची लोकर कातरायची कात्री आणि ही गाडी अशी पूजा असते. सकाळी अण्णा खाली बसून स्वतः जुनं तेल काढायचे, नवं वीस-चाळीस नंबरचं साधं तेल ओतायचे आणि तेल बघायची काडी बाहेर काढून टोकावरचा थेंब चिमटीत चोळायचे. आजोबा लोकर तशी बघत, अण्णा तेल. काढलेलं काळं तेल बाटलीत भरून दसऱ्याला अक्काकडं जायचं. ती ते फडक्यानं गोठ्याच्या लाकडी खांबांना चोपडायची, वाळवी लागत नाही म्हणून. एखाद्या वर्षी उशीर झाला की म्हणायची, "वाळवी काय तुझ्या तेलाची वाट बघत बसती व्हय रे?"

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "अण्णा, ह्यावेळी तेल मी आणतो. तुम्ही जुनंपानं काय घालता त्या इंजिनात."

"जुनी गाडी हाय, तिला जाडच तेल लागतं," अण्णा म्हणाले.

मग मी त्यांना लेक्चर दिलं. सिंथेटिक म्हणजे काय, पातळ तेल इंजिनाच्या बारीक बारीक जागी कसं पोचतं, जाड तेलानं ॲव्हरेज कसं कमी येतं. ते ऐकून घेत होते. मी दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, कोणत्या गाडीला पाहिजे? बाहेर माझी कार उभी होती. मी रुबाबात म्हणालो, ते जाऊ द्या, तुमच्याकडं सगळ्यात भारी जे असेल ते द्या. त्या भल्या माणसानं कारकडं बघितलं आणि कारचं भारी तेल दिलं. डब्यावर कारचं चित्र होतं, मला ते दिसलंही होतं. तेल ते तेल, असं मी मनाशी म्हणालो.

खंडेनवमीला सकाळी मी ते ओतलं आणि अण्णांनी काडीवरचा थेंब चोळला. "पाण्यावाणी हाय रे हे."

"तसंच असतं ते," मी म्हणालो.

त्यांनी हात पुसला आणि पूजेला बसले. पोरानं हौसेनं आणलंय म्हणून गप्प बसले असणार.

दसऱ्याला ते जुन्या तेलाची बाटली आणि आपट्याची पानं घेऊन निघाले. तासाभरानं फोन आला. दौलताबादच्या पुढं घाटात गाडी चढत नव्हती. मी कार घेऊन गेलो, कार परत आणायला बरोबर शेजारच्यांना घेतलं. अण्णा रस्त्याच्या कडेला गाडीजवळ उभे होते, घामानं शर्ट भिजलेला. म्हणाले, "रेस देतो तर नुसती बोंबलती. पुढं सरकंना. गिअरच लागत नसंल काय की."

मी गाडी सुरू केली, तोंड शहराकडं वळवलं आणि उतारानं घेऊन आलो. कुठंही अडली नाही. अगदी मस्त चालली. आता उतारावर कोणती गाडी अडते, हा विचार माझ्यासारख्या विद्वानाला यायला नको होता का? नाही आला. घरी येऊन हातपाय धुता धुता मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गाडीला काही झालेलं नाही. अण्णांचा पाय गिअरवर नीट पडत नाही आता. वय झालं."

अण्णा तिथंच खुर्चीत होते. थोड्या वेळानं उठले आणि किल्ली देवघराच्या खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कारनं देवगावला नेलं. तिथं त्यांनी अक्काला गिअर टाकायची खूण करून दाखवली आणि पायाकडं बोट करून मान हलवली. अक्कानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी फोन बघत होतो.

आठवड्यानं मी तीच गाडी घेऊन भाजीला निघालो. उड्डाणपुलाच्या चढावर रेस दिली तर इंजिन ओरडायला लागलं आणि वेग काही वाढेना. अण्णा म्हणाले होते अगदी तसंच. तशीच गाडी रोशन गेटजवळच्या एका मेस्त्रीकडं नेली. म्हातारा माणूस. त्यानं काडी काढली, वास घेतला, थेंब चोळला आणि माझ्याकडं वर बघितलं.

"कार का तेल डाले क्या भाई इसमें?"

मी मान डोलावली.

"गाडी में कुच नै है. क्लच के प्लेटां इसीच तेल में रहते ना. कार के तेल से फिसलते. चढाव पे तो चढतीच नै."

त्यानं क्लच उघडून साफ केला, एक-दोन प्लेटा बदलल्या आणि वीस-चाळीस ओतलं. ते काढलेलं तेल मी बाटलीत भरून मागितलं. का मागितलं, मला अजून सांगता येत नाही. परत येताना त्याच पुलावर गाडी सरळ चढली.

घरी अण्णांना सांगायचंच असं ठरवून आलो होतो, शपथेवर सांगतो. दारात बायको भेटली. म्हणाली, "बरं झालं अण्णांनी आपणहून किल्ली ठेवली. बुधवार आला की जिवाला घोर असायचा. त्या घाटात काय कमी ट्रका असतात?" मला तेवढंच पाहिजे होतं. मी बाटली जिन्याखाली जुन्या सामानामागं सारली आणि जेवायला बसलो. काळजीपोटी गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत आलो. काळजी होतीच. पण खरं कारण वेगळं होतं. सगळ्यांसमोर मी मोठा निकाल देऊन बसलो होतो, तो मला माझ्या तोंडानं मागं घ्यायचा नव्हता.

पुढं अण्णा अधूनमधून विचारायचे, "अक्काकडं कधी जायचं?" मी म्हणायचो, रविवारी बघू. रविवारी सर्व्हिसिंग, रविवारी लग्न, रविवारी झोप. दीड वर्षात तीनदा गेलो असू. एसटीनं जायचं म्हणाले तर मीच अडवलं, पायरी चढताना पडाल म्हणून. अण्णा दिवसभर कॉटवर बसलेले असायचे. बसल्या बसल्या डावा पाय फरशीवर दाबायचे, उचलायचे, पुन्हा दाबायचे. पायाला मुंग्या येत असतील असं आम्ही समजलो. मी त्यांना मालिशचं तेल आणून दिलं. तेल आणण्यात आपण पहिल्यापासून हुशार.

ह्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी अक्का गेली. आम्ही कारनं गेलो, पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. अण्णा तिच्या पायाशी बसून राहिले. रडले नाहीत. परत येताना घाटात एवढंच म्हणाले, "इथंच बंद पडलो व्हतो मी." गाडी बंद पडली असं नाही म्हणाले. मी पुढं रस्त्याकडं बघत कार चालवत राहिलो.

यंदाच्या खंडेनवमीला अण्णा सामान पुसत होते. जिन्याखालून त्यांनी ती बाटली काढली. उजेडात धरली, टोपण उघडून थेंब चिमटीत घेतला. मी समोरच होतो.

"हे तर तेच पातळ तेल," ते म्हणाले. "हे गाडीतनं काढलं कधी?"

खोटं बोलता आलं असतं. कारमधलं उरलेलं आहे म्हणालो असतो तर ते मान्यही करून टाकलं असतं त्यांनी. पण त्यांची बोटं तो थेंब चोळतच होती आणि माझ्याच्यानं ते बघवेना. मी सगळं सांगितलं. दुकान, कार, मेस्त्री, क्लच, आणि घरी येऊन गप्प बसलो ते.

"म्हंजे माझा पाय चुकला नव्हता," अण्णा म्हणाले.

"नाही."

"गिअर बरोबर टाकत व्हतो मी."

"हो अण्णा."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते बाटलीचं टोपण लावत हळूच म्हणाले, "मी इथं कॉटवर बसून रोज टाकून बघायचो. रोज बरोबर पडायचा. मंग म्हनायचो, घाटातच कसा काय इसरलो आसंल." मग म्हणाले, "अक्काला मी सांगितलं व्हतं, माझ्यानं आता गाडी व्हत नाय. ती तेच समजून गेली."

मी देवघरातली किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. ते उठले, गाडीजवळ गेले, टाकीवरून हात फिरवला, किकवर पाय ठेवला. गुडघ्यात जोरच राहिला नव्हता. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तोल गेला, मी धरलं. दोन वर्षांपूर्वी जे खोटं होतं ते आता खरं झालं होतं, आणि कॉटवर बसवून ते खरं मीच केलं होतं.

"तू मार किक," ते म्हणाले. "आन ती बाटली घे संगं. तिच्या गोठ्याच्या खांबांना दोन वर्सं झाली, कुणी हात लावला नसंल."

मी गाडी काढली; भाजीला मीच ती वापरत होतो, चटकन सुरू झाली. अण्णा मागं बसले, बाटली मांडीवर धरून. दौलताबाद मागं पडलं, घाट लागला. गाडी निमूट चढत होती. मी गिअर बदलायला लागलो आणि त्यांचा डावा गुडघा माझ्या मांडीला लागला. मागं त्यांचा पाय फुटरेस्टवर दाबला जात होता. घाटभर मी जितक्यांदा गिअर टाकला तितक्यांदा त्यांनीही टाकला, माझ्या जरा आधीच. एकदाही चुकला नाही.