अधिकातले अनारसे आणि लाळेची रेघ

लालबागला आमच्या तिसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीत सकाळी खुर्ची टाकून बसलं, की समोर आभाळात एक पिवळी क्रेन दिसते. तिच्या मानेपाशी काचेची एक खोली आहे. इथून ती आमच्या देव्हाऱ्याएवढी वाटते. त्या खोलीत माझे जावई बसतात. लोकांचे जावई बँकेत असतात, दुबईला असतात. माझे आभाळात. उन्हाळ्यात सकाळी सगळं धुरकट असतं ना, तेव्हा खालचा टॉवर दिसतच नाही, नुसता तो लांब हात हवेत हळूहळू फिरत असतो. बघता बघता मला डुलकी लागते. मग कधी त्या काचेत जावई असतात, कधी माझे वडील. कारण तो टॉवर उठतोय ती जागा म्हणजे वडिलांची गिरणी. करी रोडच्या बाजूचं फाटक तेवढं तेच राहिलंय, वर पाटी नवी.

तर सांगत होते अधिक महिन्याचं. मुलीचं लग्न उशिरा झालं, पस्तिशी उलटल्यावर, आणि लग्नानंतरचा हा पहिला अधिक. आमच्यात अधिकात जावयाला वाण देतात, तबकात दिवा लावून तेहतीस अनारसे. मी आठ दिवस आधीपासून लागले. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, मग पंचावर पसरून कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं. आणि खसखस! माझी आई म्हणायची, अनारसा उघडा दिसता कामा नये. मी एवढी खसखस लावते की गूळ शोधावा लागतो.

वाण द्यायचं जेवणाच्या वेळी. पण जावयांची पाळी सकाळी आठची, सुट्टी मिळेना. म्हटलं, हरकत नाही, देवाला काय घड्याळ आहे? साडेसहालाच दोघांना बोलावलं. भायखळ्याहून आंघोळी करून आले बिचारे. पाटावर बसवलं, ओवाळलं, तबक हातात दिलं.

"एक खाऊन बघा तरी."

"आई, सकाळी सकाळी गोड..."

"अहो, वाणातलं नाही म्हणायचं नसतं."

मुलगी म्हणाली, "खा हो गुपचूप, नाहीतर तीन वर्षं ऐकवेल. पुढचा अधिक येईपर्यंत."

एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. माझा हात थांबेना. नऊ खाल्ले त्यांनी. मग हसत जिना उतरले. फाटकापर्यंत चालत दहा मिनिटं.

मी खुर्चीत येऊन बसले. आठ वाजले, साडेआठ वाजले, क्रेन हलेना. म्हटलं, वारा असेल, वाऱ्यात थांबवतात. पण समोरच्या गच्चीवरचे कपडे तर सरळ लोंबत होते. दहाच्या सुमाराला क्रेन हलली, तर झटके देत, दुसऱ्याच कोणाच्या हाताने. आपल्या माणसाचा हात ओळखू येतो हो, एवढ्या लांबूनही.

जावई परत आले तेव्हा मुलगी इथेच होती. हेल्मेट काखेत, चेहरा राखेसारखा. म्हणाले, "मला खाली उतरवलं. म्हणजे वर जाऊच दिलं नाही."

हळूहळू कळलं ते असं. त्यांच्याकडे आता अधूनमधून अचानक लाळ तपासतात, कोणी नशा करून कामावर येतो का ते बघायला. काडीच्या टोकाला स्पंज असतो, तो गालात धरून बसायचं. लाळ भरली की ती एका छोट्या पट्टीत घालतात. पट्टीत खिडक्या असतात, गांजाची वेगळी, अफूची वेगळी. खिडकीत रेघ उमटली तर माणूस स्वच्छ. नाही उमटली तर संशय. जावयांच्या अफूच्या खिडकीत रेघ उमटली नाही. लगेच दुसरा नमुना घेऊन मोठ्या लॅबला पाठवला. निकाल येईपर्यंत क्रेनला हात लावायचा नाही, आणि निकाल वाईट आला तर पुन्हा कधीच नाही.

"पण मी काहीच घेत नाही," ते म्हणाले. बायकोकडे बघून म्हणाले, माझ्याकडे बघून म्हणाले, मग भिंतीकडे बघून म्हणाले.

मुलीने एवढंच विचारलं, "नक्की ना?"

मी चहा टाकला. कप त्यांच्या हातात दिला. आणि खरं सांगते, आज लिहिताना लाज वाटते, माझ्या मनात आलं, दोन वर्षांत आपण या माणसाला कितीसं ओळखतो? त्यांचे डोळे कधीकधी लाल दिसतात. आठ आठ तास एकट्याने आभाळात बसायचं, माणूस काहीतरी आधार शोधणारच. मी मनातल्या मनात मुलीची खोली मोकळी करायला घेतली. कपाटातला कुठला खण रिकामा करायचा, इथवर पोचले.

ती दोघं घरी गेली. मी दुपारभर लवंडून होते. डोळ्यांसमोर वडील यायला लागले. वडील साचेखात्यात होते, मागावर. धोट्यात, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या त्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी भरली, की सुताचं टोक त्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून काढायचं. एकाच धोट्याला या पाळीचं तोंड आणि त्या पाळीचंही. म्हणून तर दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. त्यांची थुंकी चालायची नाही, बाकीच्यांची एकमेकांत चालायची. वडील हे सांगताना मान खाली घालायचे. "आम्हीच अडवायचो गो," म्हणायचे. त्या जागेवर माणसाची पारख थुंकीवरून करायची रीत जुनीच म्हणायची. तेव्हा ती पारख खोटी होती. आज मी कुठल्या तोंडाने ती खरी धरून बसले होते?

संध्याकाळी शेजारीण आली. आमची जुनी मैत्रीण, मालवणकडची, ऐंशीच्या पुढची, दात नाहीत पण जीभ शाबूत. अनारसा मागायला आली होती. तिला सगळं सांगितलं. ती अनारसा दुधात बुडवून चघळत होती, ती थांबली.

"कसली रेघ नाय इली म्हणतंस?"

"अफूची."

तिने अनारसा उजेडात धरला. "अगो बाये, मगे ह्या काय आसा? खसखस खंयच्या झाडाक लागता? अफूच्याच बोंडात ना ती! जावयाक नऊ अनारशे चारलंस, आणि वर इचारतंस अफू खंयसून इली!"

अहो, मला काय माहीत नव्हतं? लहानपणी बाळ झोपेना तर आई खसखस उगाळून चाटवायची. माहीत होतं, पण स्वयंपाकघरातलं माहीत असणं वेगळ्या फळीवर असतं आणि बाहेरच्या जगातलं वेगळ्या. दोन फळ्यांवरचे डबे मी कधी शेजारी ठेवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनारशांचा डबा आणि खसखशीची पुडी घेऊन मी फाटकावर गेले. कोणाला सांगितलं नाही. सेफ्टीवाली मॅडम बाहेर आली, माझ्या मुलीपेक्षाही लहान, पांढरं हेल्मेट, बोलायला गोड पण ठाम.

"आजी, तुमचं बरोबर असेलही. पण ते लॅब ठरवणार. मी नाही."

"मग माझी थुंकी तपासा."

"तुम्ही आमच्या कामगार नाही ना."

मी फाटकावरची पाटी वाचत होते. आत येणाऱ्या कोणाचीही तपासणी होऊ शकते, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. म्हटलं, "कामगार नसेन. पण मी आत येते. मग तर तपासाल?"

ती हसली. इकडे तिकडे बघितलं. "आजी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

तिने मला शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तिच्यासमोर मी अनारसे खाल्ले. पाच झाल्यावर दम लागला, सहावा पाण्याबरोबर ढकलला. मग ठरलेली मिनिटं नुसतं बसायचं, काही खायचं नाही, प्यायचं नाही, मग स्पंज गालात. तेवढ्या वेळात काय झालं कुणास ठाऊक. भोवती सिमेंटचा धुरळा उडत होता, त्यात ऊन तिरकं पडलं होतं. मला तो कापसाचा वाटायला लागला. वडील घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर असाच बसलेला असायचा. यंत्रांचा आवाज दूर गेला आणि मागांसारखा एका लयीत यायला लागला. मी इथे लहानपणी डबा घेऊन यायचे, फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नसत. आज पहिल्यांदा आत बसले होते, तेही तोंडात स्पंज धरून.

"आजी, झालं. काढा."

पट्टीत बाकीच्या खिडक्यांत एकेक रेघ उमटली. अफूची खिडकी कोरी. मॅडमने पट्टी जवळ घेऊन पुन्हा बघितली. मग तिने फोटो काढला. "हा पुरावा नाही हं आजी. पण लॅबच्या डॉक्टरांना मी हे कळवते. सकाळी काय खाल्लं होतं ते त्यांनी विचारायलाच हवं."

"आणि मी नशेखोर ठरले त्याचं काय?"

"तुम्हाला क्रेनवर चढू देणार नाही," ती म्हणाली.

पाच दिवस गेले. मी गॅलरीत बसायचे, पण समोर बघायचे नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांचा जावयांना फोन आला. खाण्यापिण्याचं सगळं विचारलं. मोठ्या यंत्रावर अंश इतका किंचित निघाला होता, की तो अन्नातला धरून प्रकरण मिटवलं. कामावर यायच्या दिवशी खसखशीचं काही खायचं नाही, असं आता तिथे लिहून लावलंय म्हणे.

कामावर जायच्या आधी जावई आमच्याकडे आले. पाया पडायला वाकले. मी मागे सरले.

"थांबा. आधी ऐका. त्या दिवशी मला तुमचा संशय आला होता."

"माहीत आहे आई."

"कसं?"

"चहा देताना तुम्ही माझे डोळे तपासत होता. कप कलला, माझ्या पँटवर सांडला, तुम्हाला कळलंही नाही." त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. "रात्री मीही आरशात माझे डोळे बघितले. पट्टी खोटं कशाला बोलेल, असं मलाच वाटायला लागलं होतं. तुम्ही फाटकावर गेलात हे ऐकलं, तेव्हा कुठे माझा माझ्यावर विश्वास बसला."

मी आत गेले. पुन्हा चहाच टाकला. आमच्यात सासू जावयासमोर खुर्चीत बसत नाही, मी तर दाराच्या चौकटीशीच उभी राहते. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, पदराने पुसायला मी पुढे झाले तर हात आडवा धरला.

"बसा तुम्ही."

मी बसले. दोघांनी चहा घेतला. पावणेआठला ते हेल्मेट उचलून जिना उतरले, मी खुर्चीतच बसून राहिले.