यादीतला बाबांचा फोन
राउटर तापला की प्लॅस्टिकचा उग्र वास येतो, आणि मला सुकापूरच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. मी घरून काम करायचे आणि नेट इतकं हळू, की मीटिंगमध्ये समोरच्यांचे चेहरे अडकून बसायचे. शेवटी नेटवाल्याला बोलावलं. त्याने वायर काढून लावली, तापलेला राउटर बंद-चालू केला, मग माझ्या मोबाइलवर राउटरला जोडलेल्या फोनची यादी बघत म्हणाला, “लाइन बरोबर हाय, मॅडम. सगळं नेट एकच फोन खातोय. ‘बाबा’ नावाचा.” बाबांचा फोन तर कधीचाच बंद असेल, असं मी धरून चालले होते. “ब्लॉक करा,” मी म्हटलं. नेट लगेच पळायला लागलं. तो गेल्यावर आई तिच्या खोलीतून बाबांचा फोन घेऊन आली. “यांच्या बातम्या बंद पडल्या गं.” बाबांना दिवसभर बातम्या लागायच्या, म्हणून ती रोज सकाळी त्यांच्या फोटोपुढे दिवा लावायची आणि शेजारी त्यांच्या फोनवर बातम्या, आवाज अगदी बारीक करून. मी घाईघाईने ब्लॉक काढला. बातम्या सुरू झाल्या. आईने क्षणभर पाहिलं, फोन बंद केला आणि चार्जर गुंडाळत म्हणाली, “राहू दे. तुझं काम अडतं.” त्यानंतर तिने तो कधीच लावला नाही. नेट आता छान चालतं. तरी हा वास आला की मी राउटरची यादी उघडते. सगळ्यात खाली ‘बाबा’ अजून आहे, करड्या अक्षरांत. ब्लॉक काढलेला आहे ना, हे मी दर वेळी पुन्हा बघते.