पिशवीची घरं

आईने ताट पुढे केलं. स्टीलचं, नवीन. कडेला दुकानाच्या चिकटपट्टीचा डाग अजून होता. करंज्या, चकल्या, मधे केकचे तुकडे. सर दारातच उभे. ताटाकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, "बाई, बसत नाही. पुढे घरं आहेत. पिशवीत घाला."

पिशवी माझ्या हातात होती.

माझी आई. माझं घर. आणि पिशवीचं तोंड उघडून मी उभा. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताट तिरकं केलं. करंज्या घसरत आत गेल्या. खाली शेजारच्या घरातल्या चकल्या होत्या, त्यांच्याही खाली आधीच्या घरातलं काहीबाही. सगळं एकात एक. तिने खोलीत चादरी अंथरल्या होत्या. कपबशा मागून आणल्या होत्या. चहा उकळत होता, तो उकळतच राहिला. आम्ही जिना उतरलो.

नायगावची बीडीडी चाळ होती ती. मी नुकताच चर्चच्या गायकवर्गात लागलो होतो. आज पन्नाशी उलटली माझी. हे यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आमची मंडळी मराठी. चर्च जुनं, दगडी. नाताळच्या आधी गायकवर्ग संध्याकाळी सभासदांच्या घरोघर जातो. गीतं गातो, सर प्रार्थना करतात, मग घरचे लोक फराळ देतात. तो बसून खायचा की नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. पण प्रत्येकाला ठाऊक आहे. दादरच्या फ्लॅटांत बसायचं. बशी घ्यायची, दुसऱ्यांदा वाढलं तर लटकं नको म्हणायचं. ही ताटाची घरं. नायगाव, डिलाईल रोड, घोडपदेवच्या चाळींत उभ्याने गायचं, आणि मिळेल ते पिशवीत. ही पिशवीची घरं.

गायकवर्गात हे शब्द बसचा नंबर सांगावा तसे चालतात.

"आज काय आहे रे?"

"आज सगळी पिशवीची."

"सुटलो बाबा. काल ताटांनी पोट बिघडवलंय."

आणि हशा. मीही हसलोय. नुसता हसलो नाही, एकदोनदा तो विनोद मीच केलाय.

कारण द्यायचे ते जागेचं. दहा बाय बाराची खोली, आम्ही एवढे जण, कुठे बसणार? ऐकायला खरं वाटायचं. चाळीतल्या लोकांनाही खरं वाटायचं. खरं काय ते असं. सरांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते ब्राह्मण होते. माझ्या आजोबांनी नगरकडच्या महारवाड्यात घेतला. पाणी दोघांवर तेच पडलं. आपल्यात जात नाही, असं चर्चमध्ये सांगतात. पण लग्न जमवताना "मूळचे कुठले?" विचारतात, तेव्हा त्यांना गाव नको असतं.

पिशवीचं काय व्हायचं, तेही सांगतो. फेरी संपली की आम्ही चर्चच्या फाटकाशी यायचो. फुटपाथवरची माणसं वाट बघत असायची. पिशवी तिथे रिकामी करायची. ती मीच करायचो. सर म्हणायचे, "बघ, काही वाया जात नाही. दान होतं." घेणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते भुकेले होते. पण आईने पाहुण्यांसाठी केलं होतं. दान करायचं असतं तर तिने स्वतःच्या हाताने केलं असतं.

मग मी का धरली पिशवी?

सरांनी निवडलं म्हणून. ते शाळेचे हेडमास्तर, गायकवर्गाचे प्रमुख, मंडळीत त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. म्हणाले, "आवाज चांगला आहे तुझा. आणि पिशवीला तुमच्यातलाच माणूस असला की लोकांना बरं वाटतं." मला तो मान वाटला. चाळीतून गायकवर्गात गेलेला मी पहिला. छाती फुगवून घरी सांगितलं होतं.

त्या दिवशी परत आलो तर आई दारातच.

"खाल्लं का रे त्यांनी?"

"खाल्लं."

"आणि सरांनी?"

"सरांनी दोन घेतल्या. चांगल्या झाल्यात म्हणाले."

ती लगेच शेजारी सांगायला गेली.

दर नाताळला विचारायची. दर नाताळला मी सरांच्या तोंडात आईच्या करंज्या घालत गेलो. एका वर्षी जरा जास्तच झालं. म्हणालो, सरांना वेलची जास्त घातलेली आवडते. पुढच्या वर्षापासून आई सारणात वेलची वाढवू लागली. घरातल्यांना तो उग्र वास नको व्हायचा. ती म्हणायची, "त्यांना आवडती ना. वर्षाचा एक दिवस."

ती गेली तेव्हा मी रडलो नाही. लोक म्हणाले, पुरुषमाणूस आहे, आत ठेवतो. आत काय ठेवलं होतं, ते मलाच माहीत.

पुढे बँकेत नोकरी, दादरला घर. आमचं घर ताटाचं झालं. पिशवी मात्र माझ्याच हातात राहिली. सर पहिल्यांदा आमच्या सोफ्यावर बसले, बशी हातात घेतली, केक खाल्ला. मला वाटलं, संपलं सगळं. पण केक बेकरीतला होता. ताईने सकाळी करंज्यांचा डबा पाठवला होता. तो मी स्वयंपाकघरात फडक्याखाली झाकला होता. बायको म्हणाली, "ठेवते बाहेर?" मी म्हटलं, "राहू दे."

म्हणजे माझ्याच घरात मी एक पिशवी केली होती.

ताई माझी थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, ती परत आईच्या खोलीत आली आणि तिथेच राहिली. एका इस्पितळात आया होती. आता निवृत्त. चाळ पाडली, काही वर्षं दुसरीकडे काढली, आणि यंदा नव्या टॉवरात घराची चावी मिळाली. हॉल, दोन खोल्या, लिफ्ट. तिने पहिल्यांदा काय घेतलं असेल तर जेवणाचं टेबल.

फोन आला. "आता जागा आहे ना रे? आता बसतील."

"बघू."

"बघू काय बघू? आई मेली जागा नाही, जागा नाही ऐकत. आता हॉल आहे. बशा आणल्यात मी काचेच्या, सगळ्या एकसारख्या. तू सांग सरांना."

सांगायला माझी जीभ उचलेना. तालीम संपली की सर चष्म्याचा डबा शोधत असायचे. मी घुटमळायचो आणि निघून यायचो. शेवटी एकदा म्हटलं, "सर, ताईचं नवीन घर झालंय."

"ऐकलं. फार छान. लिफ्ट आहे ना? माझे गुडघे."

"आहे. जागाही आहे भरपूर."

"मग झालं तर."

या "मग झालं तर"चा मी अर्थ लावला. मला पाहिजे तो लावला. ताईला फोन केला. "येतात. बसतील."

गेलो त्या संध्याकाळी ताईने आईची जांभळी साडी नेसली होती. टेबलावर बशा मांडलेल्या, प्रत्येक बशीशेजारी कागदी रुमालाची घडी. भिंतीला लागून शेजाऱ्यांच्या खुर्च्या. आम्ही हॉलमध्ये उभे राहून गायलो. बाळ गोठ्यात जन्मलं, गरिबाघरी आलं, असं ते गीत. दोन कडवी झाली. तिसरं सरांनी घेऊ दिलं नाही. ताटाच्या घरी तिसरं घेतात.

प्रार्थना झाली. नव्या घराबद्दल सरांनी देवाचे आभार मानले. चांगले मानले.

ताई म्हणाली, "बसा ना सर. मांडलंय सगळं."

सर हसले. "ताई, घर सुरेख आहे. प्रभूची कृपा. पण बसत नाही हं. पिशवी आहे आपल्याकडे." आणि न बघता माझ्याकडे हात केला. घरातल्या माणसाकडे चष्मा मागावा तसा.

ताईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "तू म्हणालास बसतील."

पिशवी माझ्या बगलेत होती, घडी घातलेली. हात सवयीने तिकडे गेलासुद्धा. मग थांबला. का थांबला ते नीट सांगता येणार नाही. धैर्य वगैरे नव्हतं. तिने रुमालांच्या घड्या घातल्या होत्या, त्या दिसत होत्या, एवढंच.

म्हटलं, "सर, इथे जागा आहे."

"जागेचा प्रश्न नाही रे."

मागे कुणीतरी खाकरलं. एवढी वर्षं जागेचाच प्रश्न होता.

"मग कशाचा आहे?"

"वेळेचा."

"काल माझ्याकडे जेवून उठलात."

"तुझं वेगळं."

"काय वेगळं? मी हिचा सख्खा भाऊ आहे. एकाच खोलीत वाढलो."

सरांनी आवाज खाली आणला. वर्गातल्या हुशार मुलाला बाजूला घेऊन समजवावं तसा. "हे बघ, तू शिकलेला आहेस. कुणाकडचं सोसतं, कुणाकडचं नाही. पोटाचं असतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

"प्रभुभोजनाला आपण सगळे एकाच प्याल्याला ओठ लावतो, सर."

"तो पुसतात," सर म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले. विचार करावा लागला नाही त्यांना. म्हणजे तो आधीच कधीतरी करून झालेला होता. वेदीपाशी गुडघे टेकून, डोळे मिटून हा माणूस काय बघत होता, ते मला त्या क्षणी दिसलं. गायकवर्गातलं कुणी छताकडे बघत होतं, कुणी मोबाइलकडे.

मग मी बोललो. सरांशी नाही. ताईशी.

"ताई, त्यांनी कधीच खाल्लं नाही. तुझं नाही, आईचंही नाही. पिशवी आम्ही फाटकावर रिकामी करतो. आम्ही म्हणजे मी. मी करतो."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आणि वेलची?"

"वेलची मी मनाने सांगितली."

"अरे, सणासुदीचं काय हे," मागून एक काका पुटपुटले. सर म्हणाले, "चला. पुढे घरं आहेत." सगळे निघाले. गायकवर्गात आल्टो स्वर गाणाऱ्या एक बाई ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं." आणि चपला घालून लिफ्टकडे गेल्या. एकानेही बशीला हात लावला नाही. मागे उरलो मी. मला वाटलं, आता ताई मला जवळ घेईल. अजूनही मला बक्षीसच पाहिजे होतं.

ती उठली. कोऱ्या बशा उचलून बेसिनमध्ये नेल्या आणि घासायला लागली.

"ताई, त्या वापरल्या नाहीत."

"माहीत आहे."

नळ चालूच. पाठमोरीच म्हणाली, "पिशवीची घरं म्हणता ना आम्हाला? जिन्यात ऐकू यायचं. आई म्हणायची, जागेवरून म्हणत असतील. आमचा पोरगा आहे त्यांच्यात, त्याने सांगितलं असतं आपल्याला." नळ बंद केला. "तू जा आता. तुझं घर ताटाचं आहे."

मी गेलो.

चार दिवसांनी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. तरुण आहेत, चांगले आहेत, मंडळी फुटू नये म्हणून धावपळ करतात. चहा घेतला. म्हणाले, "भाऊ, मिटवून घ्या. नाताळच्या प्रभुभोजनाआधी. सर वयाने मोठे. एक शब्द फक्त, चुकलं म्हणायचं. मनात राग ठेवून वेदीपाशी कसं यायचं?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिला मिटायला हवं होतं. तिचंही चूक नाही, आमचं सगळं गणगोत याच मंडळीत आहे.

मी विचारलं, "सर ताईला म्हणणार आहेत का, चुकलं?"

"त्यांनी काय केलं भाऊ? खाल्लं नाही, एवढंच."

"एवढंच," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, पटलं मला.

पटलेलं नाही. माझा हिशोब ताईशी आहे. ती फोन उचलत नाही. तो तिचा हक्क आहे, मी तिच्याकडे क्षमा मागून तिला मोठेपणाच्या कामाला लावणार नाही. सरांकडे मी जाणार नाही. आणि प्रभुभोजनाला जाणार आहे, मनातल्या रागासकट. हा राग पाप असेल तर देवापुढे मांडीन. सरांपुढे नाही. यापुढे माझ्या घरी गायकवर्गासाठी बशी मांडली जाणार नाही. ताईच्या टेबलाशी बसून खातील, तेव्हा माझ्याकडे यावं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मुलीचं लग्न याच चर्चमध्ये करायचंय आपल्याला." म्हटलं, "करू. आपलंही आहे ते चर्च."

गायकवर्ग मी सोडलेला नाही. त्यांना तेच हवं होतं. मी सोडला असता तर सगळं सोपं झालं असतं. तालमीला जातो. माझ्या दोन्ही बाजूंची माणसं हातभर सरकून उभी राहतात. राहू देत. आवाज पोचतो.

पिशवी मी परत दिली. तिला ते आता दुसरा माणूस शोधतायत. चाळीतलाच पाहिजे, नियम तोच. आधी डिलाईल रोडच्या एकाला विचारलं. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईसमोर बसलो, आणि पिशवी कुठे नेतात, कुठे रिकामी करतात, देणाऱ्या माउलीला काय सांगतात, सगळं सांगितलं. माझ्या नावानिशी सांगितलं. त्याने सरांना नकार कळवला. मग घोडपदेवच्या एकाला विचारलं. तिथेही गेलो. त्याचा बाप माझ्यावरच भडकला, "एवढी वर्षं तूच धरलीस ना, मग आज काय साधू झालास?" म्हटलं, होय, मीच धरली. म्हणून तर मला माहीत आहे. त्याच्या पोराचं उत्तर अजून यायचंय.

अजून विचारतील. चाळी पुष्कळ आहेत, टॉवरही पुष्कळ होतील. ज्याला ज्याला विचारतील, त्याच्या दारात मी जाणार. आईबापांसमोर बसून सांगणार. हाकलतील तिथे दुसऱ्यांदा जाणार.